रोजच्या ताटातले तंतुमय पदार्थ: हिशेब कसा मांडावा आणि प्रमाण कसे वाढवावे

शंभर ग्रॅम अख्ख्या गव्हाच्या पिठात सुमारे ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, तर तेवढ्याच मैद्यात ते तीन ग्रॅमही भरत नाहीत. धान्य तेच असते; मधले आठ ग्रॅम तंतू ज्यात असतात तो कोंडा दळतानाच वेगळा निघतो आणि बहुतेक वेळा जनावरांच्या खाद्यात जातो. हे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्य कोष्टकांतले आहेत, आणि पुढे अन्नाविषयी दिलेले बहुतेक आकडेही त्याच कोष्टकांवरून, पूर्णांकाच्या जवळ आणून, घेतले आहेत. ती कोष्टके वाचली की एक गोष्ट स्पष्ट होते: महाराष्ट्रीय स्वयंपाकात तंतूंची मुळात वानवा नाही. ते आपण चाळणीत, साली काढताना, पांढऱ्याशुभ्र भातात आणि मधल्या वेळच्या खाण्यात गमावतो. म्हणून औषधाच्या दुकानातून फायबरचा डबा आणण्याआधी स्वयंपाकघरातून काय बाहेर जाते आहे ते पाहावे, असे माझे मत आहे आणि पुढचे सगळे मार्गदर्शन त्याच क्रमाने केले आहे.

तंतू पोटात नेमके काय करतात

वनस्पतीजन्य अन्नातला जो भाग लहान आतड्यातल्या पाचकरसांना पचवता येत नाही, त्याला तंतुमय पदार्थ किंवा फायबर म्हणतात. मटण, मासे, अंडी, दूध, दही यांत तो नसतो, त्यामुळे या पदार्थांचे ताटातले प्रमाण वाढले की तंतूंचे आपोआप घटते. सगळे तंतू एकसारखे वागत नाहीत. मेथीदाणे रात्रभर भिजत घातले की सकाळी पाणी बुळबुळीत झालेले दिसते; ओट्स आणि सातूतले बीटा-ग्लुकान, पेरू-सफरचंदातले पेक्टिन आणि इसबगोलाचा भुसाही पाण्यात असाच चिकट द्राव करतात. हा द्राव जठरातले अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतो, म्हणून जेवणानंतर रक्तातली साखर एकदम चढत नाही. तोच द्राव आतड्यातली पित्ताम्ले धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो, ती तूट भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते, आणि त्यामुळे अपायकारक कोलेस्टेरॉल काही प्रमाणात उतरते.

गव्हाचा कोंडा, कडधान्यांची टरफले, पालेभाज्यांचे देठ यांतले तंतू मुख्यतः विरघळत नाहीत. ते पाणी धरून ठेवतात, मळाचा आकार वाढवतात आणि त्याचा पुढचा प्रवास सोपा करतात. बद्धकोष्ठावर आजीने सांगितलेल्या कोंड्याच्या भाकरीमागचे कारण हेच आहे. याखेरीज, मोठ्या आतड्यातले जिवाणू अनेक प्रकारच्या तंतूंना आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. यांतले ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे. या आंबण्यातून वायूही तयार होतो, तेव्हा उसळ खाल्ल्यावर थोडा वायू होणे हे जिवाणू कामाला लागल्याचे लक्षण आहे, आजाराचे नव्हे.

तंतूंकडे वैद्यकाचे लक्ष वेधण्याचे श्रेय बऱ्याच अंशी डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाकडे जाते. युगांडात अनेक वर्षे काम करताना, तिथल्या खेड्यांतल्या माणसांत पाश्चात्त्य देशांत सर्रास दिसणारे आतड्याचे विकार क्वचितच आढळतात हे त्यांच्या लक्षात आले आणि १९७०च्या दशकात त्यांनी त्याचा संबंध आहारातल्या चोथ्याशी जोडला. त्यांची काही अनुमाने पुढे जशीच्या तशी टिकली नाहीत, परंतु मूळ धागा टिकला. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १८५ दीर्घकालीन निरीक्षण-अभ्यासांचा आणि ५८ वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सर्वाधिक तंतू खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, टाइप २ मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि एकूण मृत्यू यांचे प्रमाण सर्वांत कमी तंतू खाणाऱ्यांच्या तुलनेत १५ ते ३० टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. दिवसाला २५ ते २९ ग्रॅमच्या टप्प्यात हा फायदा ठळक होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दहा वर्षांवरील सर्वांनी दिवसाला किमान २५ ग्रॅम, सहा ते नऊ वर्षांच्या मुलांनी २१ ग्रॅम आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांनी १५ ग्रॅम तंतू अन्नातून घ्यावेत. दिवसाला साधारण २००० कॅलरी घेणाऱ्या प्रौढ भारतीयासाठी ३० ग्रॅम हे उद्दिष्ट धरायला हरकत नाही.

पहिली पायरी: आज किती पोटात जाते ते मोजणे

मोजल्याशिवाय सुधारणा केली तर ती बहुधा चुकीच्या जागी होते. दोन साधे दिवस आणि एक सुट्टीचा दिवस निवडून, खाल्लेल्या प्रत्येक पदार्थात कोरडे धान्य, डाळ किंवा कच्ची भाजी किती होती ते लिहून काढावे. शिजल्यावर पाण्यामुळे वजन बदलते, म्हणून हिशेब कच्च्या वजनावरच करावा. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असल्यास उत्तम. नसल्यास एका पोळीला साधारण २५ ग्रॅम आणि एका मध्यम भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागते असे धरून चालावे.

शहरातल्या एका साध्या दिवसाचा हिशेब करून पाहू. सकाळच्या बशीभर कांदेपोह्यांत ६० ग्रॅम पोहे, मूठभर शेंगदाणे आणि कांदा मिळून चार ग्रॅम तंतू येतात. चहाबरोबरच्या बिस्किटांतून एक ग्रॅमही नीट येत नाही. दुपारी तीन पोळ्यांतून आठ, साल काढलेल्या बटाट्याच्या भाजीतून दोन, थोड्या भातातून एक आणि वरणातून दोन, असे तेरा ग्रॅम मिळतात. संध्याकाळी चहा-खारी किंवा मूठभर फरसाण म्हणजे एक ग्रॅम, आणि रात्री भात-आमटीचे चार ते पाच. एकूण बेरीज २३ ग्रॅमच्या आसपास जाते, आणि कणीक बारीक चाळणीने चाळलेली असेल तर ती विशीवर येते. याचा अर्थ तूट सात ते दहा ग्रॅमची आहे, आणि त्यातला मोठा वाटा सकाळ, संध्याकाळ आणि रात्र या तीन वेळांचा आहे. दुपारच्या जेवणाला दोष देण्यासारखे फारसे काही नाही. आपल्याकडे आहार सुधारायला घेतला की लोक सर्वांत आधी दुपारची पोळी बंद करतात, हे या हिशेबात फारच विसंगत दिसते.

हीच तूट भरून काढायला चार बदल पुरतात. बटाट्याऐवजी ३० ग्रॅम मटकीची उसळ केली तर अडीच ग्रॅमांची भर पडते. रात्रीच्या भाताऐवजी ज्वारीची एक भाकरी घेतली तर तीन ग्रॅमांची, चमचाभर म्हणजे दहा ग्रॅम जवसाच्या चटणीने जवळजवळ अडीच ग्रॅमांची, आणि संध्याकाळी खारी-फरसाणाच्या जागी एक मध्यम पेरू खाल्ला तर, जात आणि आकारानुसार, पाच ते आठ ग्रॅमांची. यांतले एकही अन्न महाग किंवा अनोळखी नाही.

दुसरी पायरी: पीठ आणि भात

पीठ चाळण्याचे खरे कारण खडे, किडे आणि काड्या काढणे हे असते, आणि धान्य गिरणीत देण्यापूर्वी नीट निवडून-पाखडून घेतले की ते कारणच उरत नाही. चाळायचेच असेल तर मोठ्या भोकांची चाळणी वापरावी, किंवा चाळणीत राहिलेला कोंडा पाहून घेऊन पुन्हा कणकेत मिसळावा. न चाळलेल्या कणकेच्या पोळ्या वातड होतात अशी तक्रार ऐकू येते; ती बहुतेक वेळा कणीक भिजवण्यातली कसर असते. कोंडा पाणी जास्त पितो आणि सावकाश पितो. त्यामुळे कणीक नेहमीपेक्षा थोडी सैल भिजवावी, तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवावी आणि मग पुन्हा मळून घ्यावी.

ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांच्या शंभर ग्रॅममध्ये १० ते ११ ग्रॅम तंतू असतात, म्हणजे अख्ख्या गव्हाइतकेच. भरडधान्यांचे कौतुक करताना ही गोष्ट अनेकदा सांगायची राहते. भाकरीचा खरा फायदा असा की तिचे पीठ सहसा सगळेच वापरले जाते, आणि ती सहसा पालेभाजी, पिठले, ठेचा यांच्याबरोबर खाल्ली जाते. दळण मात्र थोडे थोडे आणावे. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेने चिरते, आणि मग घरातले पुन्हा भाताकडे वळतात. विरी गेलेले पीठ उकळत्या पाण्यात भिजवले तर भाकरी बरीच सावरते. बाजरीचे पीठ तर लवकर कडवट होते, त्यामुळे ते आठवड्याला पुरेल एवढेच दळून आणणे शहाणपणाचे.

भात सोडण्याची गरज नाही. पांढऱ्या सडीक तांदळाच्या शंभर ग्रॅममध्ये तीन ग्रॅमपेक्षा कमी, तर कोंडा न काढलेल्या तांदळात साडेचार ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. हातसडीचा तांदूळ किती कांडला आहे त्यानुसार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. कोकणात आणि गोव्यात अजून खाल्ला जाणारा उकडा तांदूळही पांढऱ्यापेक्षा थोडा वरचढ आहे. तरीही फरक एक-दीड ग्रॅमचा आहे, त्यामुळे तांदूळ बदलण्यापेक्षा भाताचा वाटा थोडा कमी करून आमटी-उसळीचा वाढवण्याने जास्त साधते. शिजवून थंड केलेल्या भातातले काही पिष्ट न पचणाऱ्या रूपात बदलते हे खरे आहे, पण त्याचे प्रमाण लहान असते. फोडणीचा भात आवडीने खावा. औषध म्हणून खाऊ नये. उरलेला भात मात्र तासा-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, कारण रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जिवाणूंचे विष तयार होऊ शकते आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही.

तिसरी पायरी: डाळीकडून कडधान्याकडे

माझ्या मते सर्वांत मोठा लाभ इथे आहे. साल काढलेल्या मूगडाळीत शंभर ग्रॅमला नऊ ग्रॅम, तर अख्ख्या मुगात १७ ग्रॅम तंतू असतात. हरभऱ्याच्या डाळीत १५, अख्ख्या हरभऱ्यात २५. मटकीत १५ आणि चवळीत साडेअकराच्या आसपास. कुळथात मात्र आठच, तेव्हा पौष्टिक म्हणून त्याचे पिठले अवश्य करावे, पण तंतूंच्या हिशेबात त्याच्यावर भिस्त ठेवू नये. आठवड्यातून निदान चार जेवणांत वरणाबरोबर किंवा वरणाऐवजी कडधान्याची उसळ असावी.

उसळीने पोट फुगते ही तक्रार खरी आहे. कडधान्यांतल्या रॅफिनोज, स्टॅकिओज यांसारख्या शर्करा आपल्याला पचत नाहीत आणि त्या थेट मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतात. उपाय आपल्या रीतीतच आहे. मटकी किंवा मूग आठ-दहा तास भरपूर पाण्यात भिजवावेत, ते पाणी ओतून टाकावे, दाणे धुऊन सुती कापडात सैल बांधावेत आणि उबदार जागी ठेवून मोड येऊ द्यावेत. भिजवण्यात आणि मोड येण्यात या शर्करा बऱ्याच कमी होतात. शिवाय लोहाचे शोषण अडवणारे फायटेटही घटते, आणि वरून लिंबू पिळले तर लोह आणखी चांगले लागू पडते. कापडाला आंबूस वास येऊ लागला किंवा दाणे चिकट झाले तर ते टाकून द्यावेत. मोड आलेली कडधान्ये कच्ची खाण्यापेक्षा वाफवून खाणे सुरक्षित, आणि गर्भवतींनी व वृद्धांनी तर ती शिजवूनच खावीत. सुरुवातीला अर्धी वाटी, मऊ शिजलेली, हिंग-आले घातलेली उसळ दुपारच्या जेवणात घ्यावी. रात्री उशिरा घेतली तर त्रास जास्त जाणवतो.

चौथी पायरी: भाजी, साली आणि फळे

गवार, शेवग्याच्या शेंगा, शेवग्याचा पाला, मेथी, अंबाडी, वांगे, भेंडी या भाज्यांत तंतू चांगले असतात. गवारीत शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमच्या आसपास. (गवारीच्या बियांतलाच डिंक आइस्क्रीम दाट करायला वापरतात, हे अनेकांना माहीत नसते.) पालेभाजी निवडताना कोवळे देठ टाकू नयेत, ते बारीक चिरून आधी परतावेत आणि पाने मागाहून घालावीत. काकडी, गाजर आणि नवा बटाटा नीट धुऊन सालीसकट वापरता येतो.

दोडका आणि दुधी यांच्या साली काढाव्या लागतात, पण त्या केराच्या टोपलीत जाण्याचे कारण नाही. दोडक्याच्या शिरा कोवळ्या असतील तर जाडसर काढून बारीक चिराव्यात आणि लोखंडी तव्यावर अगदी थोड्या तेलात, मंद आचेवर, त्यांतला ओलेपणा पूर्ण जाऊन त्या कुरकुरीत होईपर्यंत परताव्यात. घाई केली तर त्या बाहेरून करपतात आणि आतून चिवट राहतात. मग त्यांत तीळ, लसूण, सुकी मिरची, किसलेले सुके खोबरे घालून पुन्हा एकदा परतून, थंड झाल्यावर मीठ घालून खलबत्त्यात भरड कुटावे. तीळ आणि सुके खोबरे दोन्ही तंतूंनी समृद्ध आहेत, त्यामुळे ही चटणी दोडक्याच्या भाजीवर बरेचदा मात करते. जवस, कारळे, तीळ, शेंगदाणे यांच्या कोरड्या चटण्याही अशाच. भाकरीबरोबर रोज एक चमचा पुरे, कारण तेलबिया असल्याने उष्मांकही भरपूर असतात.

फळांबाबत नियम सोपा आहे: चावून खाता येणारे फळ पिऊ नये. मोसंबीचा रस गाळला की बहुतेक तंतू गाळणीत राहतात आणि साखर पेल्यात उतरते. पेरू, सीताफळ, डाळिंबाचे दाणे, चिकू, सालीसकट सफरचंद ही फळे मधल्या वेळेसाठी योग्य. डब्याबरोबर एक फळ देण्याची सवय लागली की संध्याकाळच्या फरसाणाची ओढ आपोआप थोडी कमी होते.

उपवासाचा विचार वेगळा करावा लागतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत जे काही तंतू येतात ते दाण्याच्या कुटाचे. श्रावणात आणि नवरात्रात बद्धकोष्ठाच्या तक्रारी वाढतात त्यामागे हे एक कारण आहे. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, सालीसकट उकडलेले रताळे, काकडीची कोशिंबीर आणि एक फळ असा बेत केला तर उपवास मोडत नाही आणि पोटही बिघडत नाही.

पाकिटावरचे लेबल

भारतात पोषणमूल्यांच्या तक्त्यात तंतूंचे प्रमाण छापणे सक्तीचे नाही, त्यामुळे ते छापलेलेच नसेल तर घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ब्राउन ब्रेड किंवा मल्टिग्रेन म्हणवणाऱ्या पाकिटावर पहिला घटक मैदा किंवा रिफाइंड गव्हाचे पीठ असेल, तर पुढची चार धान्ये शोभेपुरती आहेत असे समजावे. तंतूंचा ‘स्रोत’ म्हणवण्यासाठी शंभर ग्रॅम घन पदार्थात तीन ग्रॅम आणि ‘भरपूर’ म्हणवण्यासाठी सहा ग्रॅम तंतू लागतात. साधी पोळी ही दुसरी अट पाकिटाशिवाय पुरी करते.

वेग आणि पाणी

दिवसाचे वीस ग्रॅम एका आठवड्यात पस्तीसवर नेले तर पोट फुगते, कळा येतात, आणि माणूस सगळेच सोडून देतो. दर आठवड्याला साधारण पाच ग्रॅम वाढवावेत, म्हणजे एका वेळी एकच बदल करावा, आणि पोट स्थिरावले की पुढचा. पाणी दिवसभरात विभागून प्यावे. कोंडा वाढवून पाणी न वाढवल्यास बद्धकोष्ठ उलट घट्ट होते.

इसबगोल हा अन्नाचा पर्याय नाही, मात्र अन्नातून पुरेसे होत नसेल तेव्हा तो उपयोगी आहे. त्याचे पीक मुख्यतः गुजरात आणि राजस्थानात होते आणि उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे. एक ते दोन चहाचे चमचे भुसा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा आणि वर आणखी पाणी प्यावे. कोरडा भुसा तोंडात टाकू नये, कारण तो घशात फुगून अडकू शकतो. गिळायला त्रास होणाऱ्यांनी तो टाळावा. इतर औषधे आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. थायरॉईडच्या गोळीसाठी किती अंतर हवे ते डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी इसबगोल किंवा मेथीदाणे मोठ्या प्रमाणात सुरू करण्यापूर्वी सांगून ठेवावे आणि साखर तपासत राहावी.

कोणी थांबून विचारावे

लहान मुलांचे पोट लहान असते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला कोंडा, इसबगोल असे काही देऊ नये. मऊ वरणभात, नाचणीची खीर, कुस्करलेले फळ पुरेसे असते. दात नसलेल्या वृद्धांना भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्यावी, आंबील, लाल भोपळ्याची भाजी, मऊ शिजवलेले मूग असे पदार्थ ठेवावेत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना कडधान्ये, फळे आणि पालेभाज्यांतले पोटॅशियम बाधू शकते, त्यामुळे त्यांचे प्रमाण आहारतज्ज्ञांनीच ठरवावे. आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, आतडे अरुंद झालेले असेल किंवा आतड्याला सूज असेल तर काही काळ कमी तंतूंचाच आहार सांगितला जातो, आणि तेव्हा वर लिहिलेले काहीही करू नये. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करण्यापूर्वीही दोन-तीन दिवस बिया, साली, कडधान्ये आणि पालेभाज्या बंद ठेवायला सांगतात. त्या सूचना तंतोतंत पाळाव्यात, नाहीतर तपासणी पुन्हा करावी लागते.

शौचातून रक्त जात असेल, कारण नसताना वजन घटत असेल, रक्तक्षय निघाला असेल किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर पेरू-उसळ वाढवून वाट पाहू नये. आधी डॉक्टरांकडे जावे.